पेसमेकर बसवला, टाके निघाले. मग दोन-तीन महिन्यांनी पुन्हा कशाला बोलावतात?

पालघर, बोईसर, चिंचणी, तारापूर, मनोर. या पट्ट्यात आता पेसमेकर बसवलेलं माणूस जवळपास प्रत्येक मोहल्ल्यात भेटतं. ऑपरेशनच्या वेळी सगळं खानदान धावतं. कुणी रक्ताची सोय बघतं, कुणी रेशनकार्डाच्या झेरॉक्स काढतं, मशिदीत दुआ होते. माणूस घरी येतो, दहा-पंधरा दिवसांत जखम बघून होते, टाके असतील तर निघतात. मग डिस्चार्जच्या कागदावर खाली एक तारीख लिहिलेली असते, साधारण सहा आठवडे ते तीन महिन्यांनंतरची. ती तारीख येते तेव्हा घरातला सूर बदललेला असतो. "अब्बा तर आता चांगले आहेत. चक्कर येत नाही, जिना चढतात. मग एवढ्या लांब कशाला न्यायचं?"

प्रश्न चुकीचा नाही. बोईसरहून चर्चगेट सुमारे 100 किलोमीटर. परळच्या केईएमला किंवा मुंबई सेंट्रलच्या नायरला जायचं म्हणजे पहाटेची गाडी, दोन-अडीच तास प्रवास, मग रांग. सोबत जाणाऱ्या मुलाचा कंपनीतला एक खाडा. हे सगळं करून तिथे पंधरा-वीस मिनिटांत तपासणी उरकते, ना सुई, ना सलाईन, ना नवी दवा. मग घरी येऊन म्हणतात, "काहीच केलं नाही, नुसतं कॉम्प्युटरवर बघितलं."

त्या "नुसतं बघण्यात" काय होतं, हे समजलं तर खाडा वाया गेला असं वाटणार नाही. म्हणून हा लेख.

आधी मशीन काय करते ते थोडक्यात. हृदयाची वीज हृदयातच तयार होते. उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात एक छोटीशी जागा आहे, तिथून दर मिनिटाला साधारण 60 ते 100 इशारे निघतात. ते मधल्या एका चौकीतून खालच्या कप्प्यांत उतरतात आणि हृदय आवळलं जातं. वय झाल्यावर कुणाची वरची जागा मंद होते, कुणाची मधली चौकी इशारा पुढे सोडत नाही. नाडी 40 वर, 35 वर येते, माणूस चालता चालता कोसळतो. पेसमेकर म्हणजे खांद्याजवळ कातडीखाली ठेवलेली एक चपटी डबी आणि तिच्यापासून शिरेतून हृदयापर्यंत गेलेली एक किंवा दोन तारा. डबीत बॅटरी आणि छोटा कॉम्प्युटर. हृदयाने स्वतः ठोका दिला तर मशीन गप्प बसते, ठरलेल्या वेळेत ठोका आला नाही तर इशारा देते.

शरीराच्या आत पेसमेकर पहिल्यांदा बसवला गेला 8 ऑक्टोबर 1958 ला, स्वीडनमध्ये, आर्ने लार्सन नावाच्या माणसाला. ती पहिली मशीन काही तासांतच बंद पडली. लार्सन यांना आयुष्यात एकूण 26 पेसमेकर लागले. पण ते 86 वर्षांचे होऊन 2001 साली वारले, ऑपरेशन करणारे सर्जन आणि मशीन बनवणारे इंजिनियर या दोघांच्याही नंतर. आजची मशीन त्या मानाने फारच भरवशाची. एक बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षं चालते. "साधारण" हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण आठ की बारा, हे काही अंशी पहिल्या तपासणीत ठरतं.

ते कसं, बघा. तारेचं टोक हृदयाच्या मांसाला टेकलेलं असतं. पायात काटा रुतला की भोवती सूज येते, तशी त्या टोकाभोवती पहिले काही आठवडे थोडी सूज असते. हल्लीच्या तारांच्या टोकाला सूज कमी करणारी दवा असते, तरी थोडा फरक पडतोच. सूज असेपर्यंत हृदयाला ठोका द्यायला लावण्यासाठी जास्त जोराचा इशारा लागू शकतो. म्हणून डॉक्टर ऑपरेशनच्या दिवशी मशीन मुद्दाम जोरात लावून पाठवतात, उदाहरणार्थ साडेतीन व्होल्टवर. गाफील राहण्यापेक्षा ते बरं. दोन-तीन महिन्यांत जागा स्थिर झाली की खरी गरज किती, हे मोजता येतं. समजा हृदय पाऊण किंवा एक व्होल्टलाच ठोका देत असेल, तर त्याच्या दुप्पट किंवा अडीचपट ठेवलं की सुरक्षित अंतर राहतं आणि बाकीचा जोर कमी करता येतो.

आता वर्गात फळ्यावर मांडतो तसा हिशेब. इशाऱ्याला लागणारी ऊर्जा व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात असते. साडेतीनचा वर्ग सव्वाबारा. अडीचचा वर्ग सव्वासहा. म्हणजे व्होल्ट फक्त एकाने कमी केला आणि प्रत्येक ठोक्याचा खर्च जवळजवळ निम्मा झाला. दिवसाला लाखभर ठोके पडतात. बॅटरीचा काही भाग मशीनच्या स्वतःच्या कामावरही जातो, त्यामुळे आयुष्य सरळ दुप्पट होत नाही, पण ज्याला मशीनची गरज सतत लागते त्याची काही वर्षं वाचू शकतात. काही नव्या मशीन हा जोर स्वतःच मोजून कमी-जास्त करतात. तुमची तशी आहे का आणि ती सोय चालू ठेवली आहे का, हेही याच तपासणीत कळतं.

वर्षं वाचली म्हणजे काय वाचलं? बॅटरी संपली की सेल बदलल्यासारखी बदलता येत नाही, पूर्ण डबी बदलावी लागते. पुन्हा चिरा, पुन्हा खर्च, पुन्हा पू होण्याचा धोका. उरलेल्या बॅटरीची किंमत किती असते, याचं एक उदाहरण आपल्या मुंबईतलंच आहे. अमेरिकेत मृत व्यक्तींच्या शरीरातून घरच्यांच्या संमतीने काढलेले पेसमेकर निर्जंतुक करून वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये 53 गरीब रुग्णांना बसवले गेले, आणि 2011 साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निवडताना अट अशी होती की बॅटरी किमान 70 टक्के शिल्लक हवी. सातासमुद्रापलीकडून जपून आणण्याइतकी ती बॅटरी मोलाची होती. आपल्या छातीतली आपण तारीख चुकवून जास्त जोरावर जाळत ठेवतो.

तपासणीच्या खोलीत काय होतं

आधी जखम बघतात. मग पलंगावर झोपवून मनगटाला, पायाला किंवा छातीवर ईसीजीच्या पट्ट्या लावतात. डबीच्या जागेवर माऊससारखं एक यंत्र ठेवतात, नव्या मशीनना बऱ्याचदा तेही लागत नाही. समोर लॅपटॉपसारखा प्रोग्रामर असतो. तो डबीशी बिनतारी बोलतो. काही टोचत नाही, शॉक लागत नाही.

बायांच्या बाबतीत घरात इथेच अवघडलेपण येतं, म्हणून स्पष्ट लिहितो. ते माऊससारखं यंत्र पातळ कपड्यावरूनही चालतं. ईसीजीसाठी बऱ्याच वेळा मनगट आणि पाय पुरतात. जखम मात्र उघडून बघावी लागते, ती एकदाच आणि थोडा वेळ. पुढून बटणं असलेला कुर्ता घालून गेलं, बुरखा सैल असला, तर अडचण निम्मी संपते. पडदा लावा, सिस्टरना उभं करा, असं सांगायचा पेशंटला हक्क आहे. शक्य असेल तर लेडी टेक्निशियन मिळेल का, हे आधी फोनवर विचारावं. आमच्या ओळखीतल्या एक खाला फक्त या शरमेपायी वर्षभर गेल्या नव्हत्या.

मग मोजणी सुरू होते. पहिली गोष्ट बॅटरी. दुसरी तारेचा रोध, म्हणजे तार ठीक आहे का. तो ओहममध्ये मोजतात. तार कुठे तुटली तर आकडा फार वर जातो, तारेवरचं आवरण गेलं तर फार खाली येतो. तिसरी गोष्ट, हृदयाचा स्वतःचा ठोका मशीनला "ऐकू" येतो का. ऐकू आला नाही तर ती नको तिथे इशारा देईल. यासाठी मशीनचा वेग क्षणभर खाली आणून बघतात, तेव्हा एखाद्याला हलकं वाटतं. चौथी गोष्ट वर सांगितलेली जोराची मोजणी. टेक्निशियन व्होल्ट पायरी पायरीने खाली आणतो आणि कुठे हृदय ठोका द्यायचं थांबतं ते बघतो. तिथे लगेच परत वर नेतो. या वेळी धडधड वाटते, एखादा ठोका चुकल्यासारखं वाटतं. घाबरू नका, पण गप्पही बसू नका. "आता चक्कर आली" असं बोला, तो लगेच थांबवतो.

यानंतर मशीनची आठवण उघडतात. आम्हाला ही सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि लोकांना हिच्याबद्दल सगळ्यात कमी माहिती असते. डबी रोजची नोंद ठेवते. किती टक्के ठोके तिने दिले, किती हृदयाने स्वतः दिले. 99 टक्के दिसलं की घरचे हवालदिल होतात. त्याचा अर्थ हृदय 99 टक्के निकामी झालं असा नाही. हृदयाचा पंप चांगला असू शकतो, इशारा देण्याचं काम तेवढं मशीन करतेय. पण टक्का फार जास्त असेल तर डॉक्टर पुढे मधून मधून इको करायला सांगतात, कारण खालच्या कप्प्याला वर्षानुवर्षं मशीननेच चालवलं तर काही जणांचं हृदय कमजोर होऊ शकतं.

त्याच नोंदीत हृदयाची अनियमित धावपळही सापडते. वरचे कप्पे कधी कधी नुसते थरथरतात, त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. कित्येकांना हे होऊन जातं आणि पत्ताही लागत नाही. पण त्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेली तर लकवा मारतो. वरच्या कप्प्यात तार असलेली मशीन अशा घटना तारीख आणि वेळेसह लिहून ठेवते. ते बघून रक्त पातळ करायची दवा द्यायची की नाही, हे डॉक्टर ठरवतात. "अब्बांना बरं वाटतंय" हे उत्तर इथे कामाला येत नाही, कारण हा आजार बरं वाटत असतानाच चालू असू शकतो.

शेवटी नव्याने सेटिंग करून छापील कागद देतात. तो मागून घ्या. बऱ्याच ठिकाणी हा कागद बसच्या तिकिटासारखा गुळगुळीत असतो, आणि आपल्या किनाऱ्याच्या दमट हवेत वर्षभरात कोरा होतो. तिथेच मोबाईलवर फोटो काढून घरातल्या दोघांना पाठवून ठेवा.

तुम्ही काय सांगायचं

टेक्निशियन मशीन वाचतो, माणूस नाही. म्हणून तुमचं तुम्ही सांगायला लागतं. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, पायाला सूज, दम, हे तर सांगाच. शिवाय पोटाच्या वरच्या भागात उचकीसारखे ठोके जाणवतात का, डबीजवळचा स्नायू फडफडतो का, हेही सांगा. इशारा बाजूच्या नसेला लागत असेल तर असं होतं, आणि ते बऱ्याचदा सेटिंग बदलून बंद करता येतं. लोक महिनोन् महिने गॅस झालाय समजून ओवा खात बसतात.

आणि काम काय करता ते सांगा. आपल्या भागात हे सगळ्यात आधी सांगायला हवं. तारापूर एमआयडीसीत स्टीलचे कारखाने आहेत, इंडक्शन भट्ट्या आहेत, वेल्डिंगची कामं आहेत, मोठ्या मोटरी आणि पॅनल आहेत. बाहेरचं जोरदार विजेचं किंवा चुंबकाचं क्षेत्र अगदी जवळ आलं तर पेसमेकरला तो हृदयाचा ठोका वाटू शकतो आणि मशीन इशारा द्यायची थांबू शकते. लांब झालं की बहुतेक वेळा मशीन आपोआप पूर्ववत होते. पण ज्याचं हृदय पूर्णपणे मशीनवर अवलंबून आहे, त्याला ते काही सेकंदही महाग पडतात. आर्क वेल्डिंगबद्दल साधारण सल्ला असा आहे की 130 अँपिअरपेक्षा जास्त करंट नको, ठिणगीपासून छाती किमान 60 सेंटीमीटर लांब, केबल खांद्यावर किंवा अंगाभोवती घ्यायची नाही, ओल्यात उभं राहायचं नाही. इंडक्शन भट्टीजवळचं काम मात्र विचारल्याशिवाय सुरूच करू नये.

इथे दोन टोकं दिसतात. कुणी घाबरून नोकरी सोडतो, कुणी काही न सांगता पाळीवर हजर होतो. दोन्हीत नुकसान घराचंच. पहिल्या तपासणीला हृदय मशीनवर किती अवलंबून आहे ते कळतं, त्यामुळे कामाची गोष्ट काढायची हीच वेळ. डॉक्टरांकडून लेखी घ्या: काय चालेल, काय नाही, किती वजन उचलायचं. तो कागद कंपनीत दाखवून दुसऱ्या खात्यात बदली मागता येते. रिक्षा, टेम्पो चालवणाऱ्यांनीही गाडी कधीपासून चालवायची हे लेखी घ्यावं, विशेषतः आधी बेशुद्ध पडण्याचा प्रकार झाला असेल तर.

तारापूरला 1969 पासून अणुवीज केंद्र आहे म्हणून काही जण विचारतात, इथे राहून मशीनवर परिणाम होईल का. नाही. आसपास राहण्याने काही होत नाही. उच्च दाबाच्या तारांखालून जाण्यानेही सहसा काही होत नाही, फक्त टॉवरला टेकून बसू नका. कर्करोगासाठी शेक देतात तेव्हा मात्र पेसमेकर आहे हे आधी सांगावंच लागतं. एमआरआयचंही तसंच. नव्या बऱ्याच मशीन एमआरआयला चालतात, पण डबी आणि तारा दोन्ही तशा हव्यात, आणि आत जाण्यापूर्वी सेटिंग बदलावं लागतं. तुमचं मशीन चालणारं आहे का, ते कार्डावर लिहून घ्या.

तारीख येईपर्यंतचे आठवडे

पहिले चार ते सहा आठवडे डबीच्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, जड उचलायचं नाही, म्हणजे तार जागेवरून सरकत नाही. विरारच्या गर्दीत त्याच हाताने वरचं हँडल धरून लटकणं हा सरळ धोका आहे. गर्दीची वेळ टाळा, दुसऱ्या हाताने धरा, पिशवीचा पट्टा त्या खांद्यावर नको. पण घाबरून हात अंगाला बांधूनही ठेवू नका. तसं केलं तर खांदा आखडतो आणि तो दुखणं मग मशीनच्या नावावर जमा होतं. जेवणं, केस विंचरणं, खांद्याच्या खाली हात हलवणं, हे चालू ठेवा.

नमाजचा प्रश्न प्रत्येक घरात येतो. तकबीरला हात जेवढा आरामात जातो तेवढाच न्या. सजद्यात हातावर भार येतो, उठताना तर जास्तच, म्हणून डॉक्टर सांगतील तोपर्यंत बरेच जण खुर्चीवर पढतात. जखम ओली करायची नाही म्हणून काही जण वुजूलाही घाबरतात. वुजूत छाती येतच नाही, फक्त हात सांभाळायचा. प्रश्न येतो गुसलचा. पाण्याने जखमेला नुकसान असेल तर शरीअतमध्ये सवलत आहे, पट्टीवर मसह, काही सूरतीत तयम्मुम. कोकणी जमातीत बहुतेक शाफई, दुसऱ्या मोहल्ल्यांत हनफी, तपशिलात फरक आहे. आपल्या मौलाना साहेबांना विचारताना "डॉक्टरने किती दिवस पाणी नको म्हटलंय" हे नेमकं सांगा, म्हणजे उत्तरही नेमकं मिळेल.

रमजानमध्ये तारीख आली तर तपासणीसाठी रोजा सोडायची गरज पडत नाही. पोटात काही जात नाही, सुई नाही. बाकीच्या गोळ्यांच्या वेळा सहरी-इफ्तारला जुळवायच्या असतील तर ते मात्र डॉक्टरांशी बोलून, स्वतःच्या मनाने नाही.

जखम लाल झाली, गरम लागली, पाणी किंवा पू आला, ताप आला, तर तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी निघा. डबीवर फुगवटा दिसला तर गल्लीतल्या दवाखान्यात सुई घालून पाणी काढून घेऊ नका. त्या सुईने जंतू आत गेले तर डबी आणि तारा सगळंच काढायची वेळ येऊ शकते. हळद, तेल, शेक, मालिश यातलं काहीही तिथे नको. कातडीखालून डबी बोटांनी फिरवत बसायची काही जणांना सवय लागते, तीही नको. त्याने तार ओढली जाते.

मोबाईल डबीच्या बाजूच्या खिशात ठेवू नका, 15 सेंटीमीटर लांब आणि कानाला दुसऱ्या बाजूने. इंडक्शनची शेगडी असेल तर हातभर मागे उभं राहा. मिक्सर, टीव्ही, फ्रिज, पंखा यांची भीती नको. स्टेशनवरच्या किंवा विमानतळाच्या मेटल डिटेक्टरमधून सरळ चालत जा, तिथे उभं राहू नका. उमरा-हजला जाणाऱ्यांनी कार्ड पासपोर्टसोबतच ठेवावं, आणि निघण्याआधी एक तपासणी करून घ्यावी.

जाण्याआधी एक फोन

पेसमेकरचं ओळखपत्र हा तपासणीचा पासपोर्ट समजा. त्यावर कंपनी, मॉडेल, नंबर आणि बसवल्याची तारीख असते. मेडट्रॉनिक, अ‍ॅबट, बोस्टन सायंटिफिक, बायोट्रॉनिक, किंवा आपल्या देशात पिथमपूरला बनणारी श्री पेसट्रॉनिक्स, प्रत्येकीचा प्रोग्रामर वेगळा. एका कंपनीचा प्रोग्रामर दुसरीची डबी वाचत नाही. बऱ्याच हॉस्पिटलांत कंपनीचा माणूस ठरलेल्या दिवशी मशीन घेऊन येतो. न विचारता गेलं तर "आज तो आलेला नाही" ऐकून परत यावं लागतं, आणि आपल्याकडून गेलेल्या माणसाचा सगळा दिवस जातो. म्हणून दोन दिवस आधी फोन करून कंपनीचं नाव सांगा आणि वार पक्का करा.

हाच फोन करताना आणखी एक विचारा: तपासणी जवळपास होऊ शकते का. पहिली तपासणी जिथे ऑपरेशन झालं तिथेच करणं चांगलं. पुढच्या वेळी वसई-विरार, बोईसर, किंवा डहाणूकडच्यांना वापी-सिल्वासा इथल्या हृदयरोगतज्ज्ञाकडे कंपनीचा माणूस येत असेल तर मुंबईची फेरी वाचते. ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झालं असेल तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा की तुमच्या केसमध्ये पुढच्या तपासण्या योजनेत बसतात का. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या, डिस्चार्ज कार्ड न्या, आणि चालू गोळ्यांची पाकिटंच न्या. "एक पांढरी आणि एक गुलाबी" यावरून डॉक्टरला काही कळत नाही.

एक प्रश्न लोक तपासणीला न विचारता आम्हाला हळूच विचारतात. मौत आली तर ही मशीन जीव अडकवून ठेवेल का? नाही ठेवत. मशीन फक्त इशारा देते. हृदयाचं मांस संपलं की इशाऱ्याला उत्तर द्यायला कुणी उरत नाही. दफनापूर्वी ती काढायचीही गरज नसते. दहनात मात्र बॅटरी फुटते, म्हणून तिथे काढावी लागते. शेजारच्या हिंदू घरात कुणाला पेसमेकर असेल तर हे त्यांना माहीत असलेलं बरं.

पहिल्या तपासणीनंतर सगळं ठीक असेल तर पुढची तारीख सहा महिने ते एक वर्षाची मिळते. बॅटरी उतरत आली की अंतर कमी करून तीन-तीन महिन्यांवर आणतात. बॅटरी अचानक एका रात्रीत बंद पडत नाही, बदलायची वेळ जवळ आली की मशीन तशी खूण दाखवते आणि त्यानंतरही साधारण तीन महिने हाताशी असतात. पण ती खूण दिसते प्रोग्रामरच्या पडद्यावर. डबी बदलताना तारा चांगल्या असतील तर त्याच ठेवतात, फक्त नवी डबी जोडतात, त्यामुळे ते ऑपरेशन पहिल्यापेक्षा सहसा लहान असतं.